दोघांनी उघडायचं दार

माझ्या नणंदेला घरात सगळे भिंगरी म्हणत. एका जागी बसणं तिच्या अंगातच नव्हतं. जेवायची उभ्याने, वेणी घालायची चालता चालता. मी लग्न होऊन आले तेव्हा ती विशीतली होती आणि दोन नोकऱ्या सोडून तिने तिसरी धरली होती. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत फिरत्या चाकावर काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या. "बरंय काम," म्हणायची, "निदान चाक तरी फिरतं."

आमचे हे तिचे थोरले भाऊ, बस डेपोत मेकॅनिक. ती जेवढी वादळ, तेवढे हे थंड. दोघांचं जमायचं ते एकाच ठिकाणी. मोठ्या हॉस्पिटलसमोरच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात एक यंत्र होतं, दोघांनी एकाच बाजूने लढायचं. पडद्यावर संपता न संपणारा भुयारी किल्ला, त्यात भुतं, हाडांचे चालते-फिरते सापळे, कुलुपं, खजिने. हे तलवारवाला व्हायचे, ती जादूगारीण. वर कोपऱ्यात दोघांच्या प्राणांचे आकडे असत आणि ते आपोआप उतरत. कोणी मारलं नाही, नुसतं उभं राहिलं, तरी उतरत. वाटेत कुठे जेवणाचं ताट दिसलं तर जो खाईल त्याचा आकडा वाढे. ताट दिसलं की भिंगरी आधी धावायची. हे घरी येऊन कुरकुरत, "हिच्याबरोबर लढण्यापेक्षा भुतं परवडली."

लग्नाला वर्ष व्हायच्या आत ह्यांचं पोट दुखायला लागलं. अंगावर काढलं. कामावर जातच राहिले आणि एका सकाळी डेपोत बसखालीच कोसळले. अपेंडिक्स आत फुटलं होतं. डॉक्टर घाईत म्हणाले, "पोटात सगळीकडे पसरलंय. वेळ लागेल, आत्ता काही सांगता येणार नाही," आणि ऑपरेशन थिएटरचं दार बंद झालं.

बाहेरच्या बाकावर मी, सासूबाई आणि भिंगरी. म्हणजे बाकावर आम्ही दोघीच. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होती. भिंतीवरच्या सूचना वाचून झाल्या, नळावर तीनदा पाणी पिऊन झालं. सिस्टर ओरडली तशी जरा थांबली, आणि मग दिसेनाशीच झाली.

"बघ गं कुठे गेली," सासूबाई म्हणाल्या. "आजसुद्धा हिला पाय फुटले."

कुठे असेल ते मला ठाऊक होतं. रस्ता ओलांडला. काचेतून ती त्या यंत्रापुढे दिसली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुझा दादा तिकडे टेबलावर पडलाय आणि तू खेळतेस?"

तिने मान वळवली नाही. "ओरड वहिनी. पण आधी उजवा दांडा धर."

"काय?"

"समोर दार आहे. दोघं एकाच वेळी दोन दगडांवर उभे राहिले तरच उघडतं. मी मघापासून या दगडावरून त्या दगडावर पळतेय. एकावर जाते तोवर दुसरा वर येतो."

मी पडद्याकडे पाहिलं. इवलीशी जादूगारीण येरझाऱ्या घालत होती. तिने दोघांचंही टोकन टाकलं होतं. तलवारवाला कोपऱ्यात जिथल्या तिथे उभा होता, त्याला हलवणारं कोणी नव्हतं.

"दादाचा आकडा बघ किती खाली आलाय," ती म्हणाली. तेव्हा कुठे माझं लक्ष तिच्या तोंडाकडे गेलं. गाल ओले, नाक वाहतंय, आणि पुसायला हात मोकळा नाही.

मी दांडा धरला. तलवारवाला थेट भिंतीवर जाऊन आपटला.

"उजवीकडे! अगं, तुझ्या उजवीकडे!"

सापळे अंगावर आले तशी ती माझ्या पुढे झाली आणि सगळे तडाखे स्वतः घेतले. एका कोनाड्यात ताट दिसलं. मी वाट पाहिली, आता ही धावणार. ती बाजूला सरली. "तू खा. लवकर!"

खाल्लं. मग धडपडत मी माझ्या दगडावर आले, ती तिच्या, आणि दार उघडलं. पलीकडे आणखी एक लांबलचक भुयार. मी दांडा सोडला.

"मी जाते. येतेस?"

"तिथे बसले तर किंचाळेन गं," ती म्हणाली.

मी एकटीच परतले. सासूबाईंनी विचारलं तेव्हा "समोरच आहे" एवढंच सांगितलं. पण मलाही आता बाकावर बसवेना. तिच्या जागी मी फेऱ्या मारू लागले. सिस्टर मलाही ओरडली.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. हे वाचले होते. ताप उतरेपर्यंत मात्र धीर धरायला सांगितलं. मी धावत समोर गेले. टोकनं संपल्यामुळे भिंगरी दुकानाच्या बाहेर उभी होती.

"वाचले," मी म्हणाले.

"नक्की ना?" तिने विचारलं, आणि हॉस्पिटलकडे पाठ करून तरातरा चालत सुटली.

हे हॉस्पिटलात होते तोवर ती एकदाही भेटायला आली नाही. सासूबाईंनी तिच्याशी बोलणं टाकलं. मी रोज सकाळी डबा भरायची, तेव्हा ती मागे उभी राहून विचारायची, "ताप किती होता काल?" उत्तर मिळालं की गेली कामावर.

हे घरी आले त्या दिवशी मात्र ती दारातच उभी होती.

"आली नाहीस," हे म्हणाले. आवाज पार खोल गेला होता.

"तू झोपलेला असणार. मला नाही बघवत."

"आता जागा आहे. बस."

ती बसली, खुर्चीच्या अगदी कडेला, एक पाय हलवत. थोड्या वेळाने उठून तिने खिडकी पुसली, मग परत बसली, मग ह्यांच्या औषधाच्या बाटल्या उगाच उंचीप्रमाणे लावल्या. हे हसायला गेले तर टाके दुखले. "रडवू नकोस मला," ते म्हणाले. सासूबाईंनी आतून विचारलं, "भिंगरे, चहा घेतेस का?" अबोला तिथेच सुटला.

वर्षभरात तिने चष्म्याचं दुकान सोडलं. काचा घासायची यंत्रं गावोगावच्या दुकानांत बसवून द्यायची, तसलं काम धरलं. आता केस पांढरे झालेत, तरी एका गावात टिकत नाही. कुठे आहेस विचारलं की "निघतेच आहे" म्हणते. फोन करते तोही रस्त्याने चालतानाच. तिच्या बोलण्यापेक्षा चपलाच जास्त ऐकू येतात.