शेपटीचं माप

आमच्या ह्यांना राग येत नाही. मला येतो, दोघांच्या वाटचा. दिरांनी दुबईहून आणलेलं रिमोटचं हेलिकॉप्टर माझ्या ताब्यात असतं, तर पहिल्याच रविवारी मी ते विहिरीत टाकलं असतं.

दर रविवारी विचुंबे गावाबाहेर, भात कापून झालेल्या शेतात आम्ही वारा सुटायच्या आत पोचायचो. हेलिकॉप्टर एका जागी तरंगायचं तेव्हा गुणी असायचं. वर चढवलं की नाक डावीकडे वळवायचं. ह्यांनी मला समजावलं होतं. वरचं मोठं पातं एका बाजूला फिरतं, म्हणून खालचं धड उलट फिरू बघतं. शेपटीचं छोटं पातं त्याला धरून ठेवतं. वरचा जोर वाढला की शेपटीचाही तितकाच, आपोआप वाढायला हवा. ते माप रिमोटच्या पाठीवरच्या बारीक खुंटीने बसवायचं. पुढची डावी दांडी अंगठ्याने वर सरकवली की जोर वाढतो, आडवी सरकवली की शेपटी हाताने वळवता येते.

पात्यांची एक जोडी आधीच मोडली होती. उरलेली शेवटची. इथे कुठे मिळायची नाहीत, आणि दीर दुबई सोडून कायमचे परतले होते. ही मोडली की शौक संपला. हे तसं बोलले नाहीत, पण पाती पुसताना त्यांचा हात जड व्हायचा.

खुंटी जराशी फिरवायची, उडवायचं, उतरवायचं, इंजिन बंद, पुन्हा पहिल्यापासून. कपड्यांना इंधनातल्या एरंडेलाचा वास, आणि माप काही बसेना. एकदा वर बघून मान अवघडली म्हणून मी रिमोटकडे बघितलं. नाक वळायच्या आधीच ह्यांचा डावा अंगठा हळूच आडवा सरकत होता.

"अहो, तुम्हीच सावरताय त्याला. मग खुंटीचं कळणार कसं?"

"मी? छे."

"छे काय? अंगठा बघा स्वतःचा."

घरातही हे असेच. माझं डोकं फिरायच्या आत सावरून घेतात, वर कबूलही करत नाहीत.

त्यांनी अंगठा दांडीवर ठेवून एकदा निरखून पाहिला. मग म्हणाले, "तू अंगठ्यावर नजर ठेव. सरकला की सांग."

पुढच्या खेपेला अंगठा सरळ वर गेला आणि हेलिकॉप्टर गर्रकन वळून बांधावरच्या आंब्याकडे तोंड करून राहिलं. ह्यांनी घाई केली नाही. जोर कमी करत ते अलगद उतरवलं. खुंटी फिरवली. पुन्हा तसंच, जरा कमी वळलं. पुन्हा खुंटी. शेवटची पाती पणाला लावून हा माणूस हात आवरून उभा होता. मला जन्मात जमलं नसतं. खरंच सांगते, लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण मी ह्यांना असं प्रथमच पाहत होते.

इंजिनाचा आवाज चढला. अंगठा सरळ वर.

"सरकला?"

"नाही."

"आता?"

"नाही म्हटलं ना."

"मग अंगठा सोड," हे म्हणाले, "आणि वर बघ."

मी वर बघितलं. हेलिकॉप्टर आंब्याच्या कितीतरी वर गेलं होतं, आणि नाक कर्नाळ्याच्या सुळक्याकडे, जमिनीवरून निघालं तेव्हा होतं तसंच.