कोशातला नर
ओल्या लाकडावर कढत पाणी पडल्याचा वास आला की इस्रायलच्या अराद गावातली भाड्याची खोली आठवते. लांब मिशांच्या भुंगेऱ्याची नवी जात मला सापडली होती, पण हाती फक्त मेलेली मादी, आणि नराशिवाय वर्णन अर्धंच. ती ज्या बाभळीवर मिळाली, ती बाभूळ रस्त्यासाठी तोडली गेली, तेव्हा तिचाच अळ्यांनी भरलेला ओंडका मी उचलून आणला. हिवाळाभर आतली करकर ऐकत झोपायचो. खाली पांढरा भुगा साचायचा. ज्यूंच्या पेसाहच्या सणाला घरात पिठाचा कणसुद्धा चालत नाही, हे मी विसरलो. संध्याकाळी परतलो, तर ठाण्याहून येऊन इथे स्थायिक झालेल्या ज्यू घरमालकीण मावशी वाफाळतं पातेलं घेऊन उभ्या. “अरे, सणाच्या घरात पीठ सांडतोस? उकळतं पाणी ओतलंय, आता सगळं कशेर, सणाला चालेल असं शुद्ध.” मी वेड्यासारखा ओंडका फोडत सुटलो. अळ्या सगळ्या शिजलेल्या. एका पोकळीत मात्र कोशातला नर होता, लांब मिशा घड्याळाच्या स्प्रिंगसारख्या गुंडाळलेल्या, अंगावर अजून रंगच चढला नव्हता. तळहातावर घेऊन मी त्याला फुंकर घालत राहिलो. मावशी कळवळून शेजारी बसल्या आणि त्याही फुंकर घालू लागल्या. त्या जातीच्या छापील वर्णनात आजही माझं वाक्य तसंच आहे: नराचा रंग अज्ञात.