शेजारच्या घरचं पाणी

औलिसच्या किनाऱ्यावर वेदीची लाकडं लाम्पोन रचायचा. ओलं लाकूड त्याने कधी घातलं नाही आणि त्याची रास कधी कलली नाही. त्या उन्हाळ्यात मात्र तो थकला होता. वारा पडलेला, युद्धाला निघालेली राजाची जहाजं खाडीत अडकलेली, आणि एवढ्या सैन्याच्या चुलींपायी जवळची टेकडी बोडकी झालेली. पाइनचं लाकूड आता पलीकडच्या टेकडीवरून पाठीवर आणावं लागे.

राजाने आपल्या मुलीला लग्नासाठी बोलावून घेतलं, तेव्हा गावाला बरं वाटलं. लग्नाआधी बळी द्यायचा होता. त्याची टोपली लाम्पोनच्या मुलीने, मिर्तोने न्यायची ठरली. जवाची टोपली डोक्यावर घेऊन कुमारिकेने वेदीपर्यंत पुढे चालायचं, हा मोठा मान. सुरा जवाखाली झाकलेला असतो, म्हणजे जनावर बुजत नाही. मिर्तो घागर डोक्यावर ठेवून अंगणात चालायचा सराव करत होती.

आदल्या दिवशी शेवटचा थर लावून झाल्यावर लाम्पोनने पुजाऱ्याच्या गड्याला विचारलं, बैल कुठे बांधलाय.

"बैल नाही," गडी म्हणाला. "लग्नही नाही. देवी वारा अडवून बसलीय, तिला राजाची मुलगी हवी. बाप तयार झालाय."

"आणि टोपली?"

"तुझीच पोरगी नेणार."

नाही म्हणायची सोय नव्हती. सूट एकच होती: घरात मयत झालं की त्या घरच्यांनी वेदीकडे फिरकायचं नाही. लाम्पोन घरी येऊन आईशेजारी बसला आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे मी मरायचं," म्हातारी म्हणाली.

"उद्या संध्याकाळपर्यंत."

"एवढंच होय? या घरात दिवसा पाठ टेकायला मला कधी मिळालं नाही. चादर धुतलेली दे."

मिर्तोला त्याने कारण सांगितलं नाही, नुसतं दुखवट्याला कापतात तसे केस कापून बसायला सांगितलं. आजी तर धडधाकट आहे, ती म्हणाली, तुम्हाला माझा मान बघवत नाही. पण केस कापले.

मयताच्या दारात पाणी ठेवतात, निघणाऱ्याने हात धुवावेत म्हणून. ते त्या घरचं चालत नाही, शेजारून आणावं लागतं. शेजारी सिमोस कुंभार. त्याने नवी घागर काढली, भरली आणि स्वतः आणून दारात ठेवली. म्हातारी फार कष्टाळू होती, म्हणाला. त्याची मुलगी क्लेओ चाकापाशी माती मळत होती, मिर्तोच्याच वयाची. उद्या बळी कोणाचा आहे ते सांगावं असं लाम्पोनच्या मनात आलं. पण मग आईचंही सांगावं लागलं असतं, आणि सिमोसच्या पोटात काही राहत नसे. लाम्पोन न सांगताच घरात गेला.

सकाळी गडी मिर्तोला न्यायला आला. घागर बघून उंबऱ्याबाहेरच थांबला, लाम्पोनकडे बघितलं, आणि जाऊन शेजारचं दार वाजवलं. थोड्या वेळाने सिमोसच्या बायकोचं हसणं भिंतीपलीकडून ऐकू आलं.

"कोणाकडे गेला रे?" चादरीखालून आईने विचारलं. लाम्पोनने तिची चादर सारखी केली. तिने पुन्हा विचारलं नाही.

दुपारी आधी धूर आला, मग वारा. जहाजांनी शिडं उभारली.

संध्याकाळी लाम्पोन घागर परत द्यायला गेला. सिमोस दाराबाहेर बसला होता, चाक बंद होतं. क्लेओ आत भिंतीकडे तोंड करून बसली होती. वेदीकडून टोपली घेऊन आल्यापासून अशीच आहे, सिमोस म्हणाला. तेवढ्यात लाम्पोनच्या घरातून म्हातारीचा खोकला आला. चांगला लांब, जिवंत माणसाचा.

सिमोसने मान वर केली. आधी लाम्पोनच्या दाराकडे बघितलं, मग लाम्पोनकडे.

"लाकूड चांगलं वाळलेलं होतं," तो म्हणाला. "फार वेळ लागला नाही."

लाम्पोन घागर हातात धरून उभा होता. ती कुठे ठेवावी, त्याला कळेना.