वाकडा दुधी

आमच्या कॉलेजातल्या गणिताच्या मॅडम कोथरूडच्या मंडईत वाकडाच दुधी निवडतात. भाजीवाली म्हणते, "मॅडम, सरळ घ्या की!" त्यावर यांचं उत्तर, "अहो, सरळ दुधीत शिकवण्यासारखं काय आहे?"

वर्गात दुधी काठोकाठ भरलेल्या पातेल्यात बुडवून आधी सांडलेलं पाणी मोजतात. मग मुलं त्याच्या चकत्या करून एकेकीचं घनफळ काढतात, बेरीज करतात. मला ही सगळी नाटकं वाटायची.

परवा चुका काढायलाच मी मागच्या बाकावर बसलो. बेरीज पाण्याशी जुळेना. एक मुलगा वैतागला, "मॅडम, दुधीच चुकलाय."

"दुधी कसा चुकेल? तुझ्या चकत्या जाड आहेत, त्यांच्या कडा वाकड्याच राहतात, आणि तू त्या सरळ धरतोस."

त्यानं प्रत्येक चकतीच्या दोन केल्या. फरक घटला.

मीही वर्षानुवर्षं फळ्यावर इंटिग्रेशन, म्हणजे अशाच पातळ पातळ चकत्यांची बेरीज, शिकवतोय. उठलो आणि त्या मुलाकडे सुरी मागितली.