हत्तीच्या पोटातली सही

आमच्या घरात पितळेचं एकही भांडं नव्हतं. मामा जन्मभर पितळ ओतत होते आणि आम्ही जेवत होतो स्वस्तातल्या जर्मनच्या ताटात. वडील गेल्यावर आई मला घेऊन एटापल्लीला या भावाकडे आली. तेव्हापासून खाणारे सहा आणि भट्टी एक.

मामा बुद्धिबळाचे पट ओतायचे. त्यांना स्वतःला खेळ येत नव्हता. पण कुठलंही मोहरं तळहातावर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "याच्यात जस्त जास्त पडलं," किंवा "हा घोडा घाईत बनला." चुकलेले मी पाहिले नाहीत. आणि कोणी टोचून बोललं तर उत्तर द्यायचे नाहीत. "राहू दे. मले याद हाये," एवढंच. आई म्हणायची, "माह्या भावाच्या यादीत कोनाचं नाव लागू नये बाप्पा!"

चंद्रपूरच्या शेठचं नाव त्या यादीत माझ्यासमोर लागलं. त्याचं जुन्या वस्तूंचं दुकान होतं. मामांचे पट तो मोडीच्या भावात घ्यायचा, मीठ-शेणाच्या खड्ड्यात पुरून काळे करायचा आणि राजवाड्यातले म्हणून विकायचा. एकदा गिऱ्हाइकासमोर मामा बोलून गेले, "हे माह्या हातचं हाये." शेठ मोठ्यानं हसला. "अरे, ह्याले सही करता येत नाई, अंगठा टेकवते! हा काय राजाचा पट बनवन?" गिऱ्हाईकही हसलं. मी तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते, आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली. माझे कान तापले. मामा म्हणाले, "राहू दे."

घरी आल्यावर मला म्हणाले, "माय, मले माहं नाव लिवून दाखव." मी पाटीवर लिहिलं : दसरू.

मामांचे हत्ती अंबारीसकट वीतभर उंच, खालून उघडे, आतून पोकळ. आधी मातीचा गाभा, त्यावर मेण, त्यावर पुन्हा माती. तापवलं की मेण वितळून जातं आणि त्या जागी पितळ बसतं. मामांनी गाभ्यावरच काडीनं नाव कोरलं. पितळ ओतून आतली माती काढली, तर नाव उलटं! मी हसले. ते हसले नाहीत. मग मी कागदावर नाव लिहून तो पाठीमागून उजेडात धरला आणि ती उलटी अक्षरं मामांनी महिनाभर राखेत गिरवली. आमचे मामा लिहायला शिकले ते उलटं. सरळ त्यांना कधीच आलं नाही.

पुढे दोन वर्षं प्रत्येक हत्तीत नाव गेलं, नावाखाली साल गेलं. आतली माती मात्र तशीच, नाव झाकून. शेठ मातीपायी वजन कापायचा, पण ती काढू द्यायचा नाही. हत्ती जड लागला की गिऱ्हाइकाला जुना वाटतो. मी चिडायचे, "मामा, आता सांगून टाका ना!"

"थांब. पारखी येऊ दे."

तो आला. नागपूरचे एक म्हातारे डॉक्टर, पट जमवणारे. आम्ही माल घेऊन दुकानातच होतो. डॉक्टरांनी हत्ती उचलला, तळहातावर ठेवला आणि डोळे मिटले. मामांनी मला कोपर मारलं.

"साहेब, तो हत्ती माह्या हातचा हाये."

"झालं याचं सुरू!" शेठ म्हणाला. "आधी सही तर करून दाखव!"

मामांनी खडू घेतला आणि लाकडी काउंटरवर नाव लिहिलं. उलटं. शेठ पोट धरून हसला. "पाहा साहेब, अक्षरं बी उलटी!"

"हसून घे, शेठ. साहेब, हत्तीच्या पोटातली माती काढा."

डॉक्टरांनी चाकूनं माती खरवडली, हत्ती उजेडाकडे वळवला आणि वाचलं, "दसरू. एकोणीसशे चौऱ्याऐंशी." सरळ, स्वच्छ अक्षरं. शेठचा हात काउंटरवरचं नाव पुसायला गेला. मी त्याचं मनगट धरलं. "राहू द्या, शेठ."

डॉक्टरांकडून ही गोष्ट पसरली आणि ज्यांनी ज्यांनी पट नेले होते, ते माती खरवडून हत्ती घेऊन आले. दुकान वर्षभरही टिकलं नाही. शेठ हात जोडून एटापल्लीला आला, तेव्हा मामांनी त्याला पाणी दिलं, पण बस म्हटलं नाही. "मले याद हाये," म्हणाले आणि भट्टीकडे वळले. मला आजही त्या माणसाची दया येत नाही.

मामा गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. डॉक्टरांनी तो पट घेतला, राजवाड्यातला म्हणून नव्हे, मामांचा म्हणून. त्यांच्या घरच्या काचेच्या कपाटात हत्ती अजून आडवा ठेवला आहे, पोट दिसेल असा. शेजारी चिठ्ठी आहे : दसरू, एटापल्ली. ती मी लिहिली आहे.