नाव तेच लिहायचं

आमचे सर डोळे मिटून शिकवायचे. नगरच्या नागापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पहिली पाळी करायची आणि संध्याकाळी एका वेल्डिंगच्या दुकानावरच्या खोलीत आम्हाला प्रोग्रॅमिंग शिकवायचं, असा त्यांचा दिवस. नव्या मुलांना वाटायचं, सरांना डुलकी लागली. आम्ही कोड मोठ्यानं वाचायचो आणि ते मिटल्या डोळ्यांनीच म्हणायचे, "शेवटचा कंस कुठंय? मला ऐकू नाही आला." आम्हाला त्याचं कोण कौतुक! माणूस दमलेला आहे, हे आमच्या गावीही नव्हतं.

इंग्रजीला बिचकणाऱ्या आमच्यासारख्यांना ते कोडमधली नावंही मराठीच ठेवायला लावत, फक्त इंग्रजी अक्षरांत. "क्लास म्हणजे कोडमधला साचा. बापाच्या क्लासमधलं सगळं पोराला आयतं मिळतं," ते सांगत. "त्यातलं जे नको, तेवढंच पोरानं आपल्यात पुन्हा लिहायचं. याला ओव्हरराइड म्हणतात. पण नाव तेच लिहायचं. एक अक्षर इकडचं तिकडं झालं की बापाचंच चालू राहतं, आणि आपण बसतो बदललं म्हणून खूश."

सरांचे वडील त्याच कारखान्यात फिटर होते. "त्यांच्याकडून हात आला, पाठदुखीपण आली," सर हसत. "पण 'माझं चुकलं' असं ते जन्मात म्हणाले नाहीत. तेवढं एक ओव्हरराइड केलंय. बघू टिकतंय का."

मी तिसगावची. वडिलांनी एकच वर्ष दिलं होतं. जमलं तर ठीक, नाहीतर गाशा गुंडाळायचा. मामाच्या पोल्ट्रीत हीटर आपोआप लावायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं. शेडच्या मूळ, म्हणजे बापाच्या क्लासमध्ये 'kadhi' होतं, म्हणजे हीटर कधी लागणार : अठरा अंशांखाली. तेवढ्यावर मोठ्या कोंबड्यांचं भागतं, पिल्लांना बत्तीस लागतात. म्हणून पिल्लांच्या क्लासमध्ये मी बत्तीस लिहिले. पण नाव लिहिलं 'kadi'. आमच्याकडं कधीला कदीच म्हणतात. मी तसंच वाचलं, सरांनी मिटल्या डोळ्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "बरोबर." कॉम्प्युटरनंही कुरकुर केली नाही. बर्फाजवळ सेन्सर धरला, हीटरचा दिवा लागला, आम्ही पेढे खाल्ले.

जानेवारीतल्या एका सकाळी मामाचा फोन आला. पिल्लं गारठून एका कोपऱ्यात एकमेकांवर चढली होती आणि खालची सगळी मेली होती. पडदे लावलेल्या शेडमध्ये पारा विशीवर अडकला होता आणि हीटर अठरा अंशांचीच वाट बघत बसला होता.

सर रजा टाकून माझ्याबरोबर आले. शेडमध्ये त्यांनी पहिल्यांदाच माझा कोड डोळ्यांनी वाचला. एका ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. मग बाहेर येऊन मामीला म्हणाले, "ताई, चूक माझी आहे."

"तुमी कशाला मास्तर? लिव्हलं तर तिनंच न्हवं?"

"तपासायचं काम माझं होतं. तिनं वाचलं ते मी ऐकलं, बघितलं नाही."

मामी मेलेली पिल्लं पाटीत भरू लागली. मामा मात्र फोनवर माझ्या वडिलांना सांगत होता, "दाजी, पोरीला घरी आना आता. लई झालं शिक्षान."

आम्ही एसटीनं परत निघालो. नगरला उतरल्यावर सर एवढंच म्हणाले, "उद्या सहाला क्लास आहे." पुन्हा कीबोर्डला हात लावायचा नाही, हे माझ्या मनात पक्कं होतं.

तरी दुसऱ्या दिवशी गेले, वडिलांना न विचारता. का गेले, आजही सांगता येत नाही. सर म्हणाले, "पहिल्या ओळीपासून वाच," आणि चष्मा लावून पडद्याशी वाकले. त्यानंतर त्यांनी शिकवताना कधी डोळे मिटले नाहीत. पुढं पुढं त्यांच्याकडं बघवायचं नाही, इतके थकलेले दिसत. त्या थकव्यात माझा वाटा होता, हे मला अजून टोचतं.

आता मी नागापुरातच नोकरी करते आणि संध्याकाळी घरी येते तेव्हा बोलायचीही ताकद नसते. मागच्या वर्षी सर गेले. दफनविधी झाल्यावर चर्चच्या आवारात सरांच्या मिसेसनी मला ओळखलं. म्हणाल्या, "तिसगावची ना तू? त्या दिवशी गावाहून आले ते जेवलेच नाहीत. पोरगी उद्या येते की नाही, एवढंच चाललं होतं. दुसऱ्या दिवशी सहाला त्यांचा क्लासमधून फोन आला. म्हटलं, एवढं काय अर्जंट?"

"काय म्हणाले?"

"दोनच शब्द. 'आली गं.'"