एक घर पुढे

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला क्षुल्लक वाटेल म्हणून नाही – ऐकल्यावर तिला मी कसा आहे ते कळेल म्हणून.

पांढरकवड्याला हायवेवर माझं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान आहे. रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून मागच्या खोलीत आम्ही एक खेळ खेळतो; तेव्हा चौघं होतो. संजय पुण्याला शिकायला होता, तिथून तो घेऊन आला. तो गोष्ट सांगतो – जंगल, घाट, राक्षस – आणि आम्ही त्या गोष्टीतली माणसं होतो. लढाई आली की फरशीवर खडूनं घरं आखायची, सोंगट्या म्हणून दुकानातले नट मांडायचे, फासे टाकायचे. केस पिकलेली माणसं आणि हा खेळ – हसाल तुम्ही. हसा.

मी ढालवाला. देवीदास भालावाला. देवीदास शाळेत मास्तर, मूळचा पुसदकडच्या तांड्यावरचा. त्याचे पूर्वज बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूख तुडवायचे. तांड्याबरोबर भाला घेऊन चालणाऱ्या राखणदारांच्या गोष्टी त्यानं आजीकडून ऐकल्या होत्या. त्यातलाच एक राखणदार त्यानं खेळात आणला आणि कितीतरी वर्षं जिवंत ठेवला. लांब भाल्यानं एक घर सोडून पलीकडच्यालाही मारता येतं. पण शत्रू अंगाला भिडला, की तोच भाला वळत नाही. म्हणून आमची रीत ठरलेली – अरुंद जागा गाठायची, मी तोंडाशी, देवीदास माझ्या पाठीशी, आणि माझ्या खांद्यावरून त्याचा भाला.

"भाऊ, तू निस्ता उभा राय. बाकी मी पाहतो," तो म्हणायचा.

हे वाक्य मला केव्हा खुपायला लागलं? आठवत नाही. निस्ता उभा राय – म्हणजे मार माझ्या ढालीवर आणि वाहवा त्याची? मग खेळाबाहेरही तेच दिसायला लागलं. त्यानं माझा चहा आधी ओतला, तरी वाटायचं, याला काय पाहिजे आता? त्याच्या मुलीच्या स्थळाची चौकशी करायला त्यानं मला सोबत नेलं आणि बैठकीत बोलायला पुढे केलं. त्या दिवशी माझी खात्रीच पटली – हा माणूस जन्मभर दुसऱ्याच्या आडून वार करत आलाय. मी हे कुणाला बोललो नाही. संशय बोलून दाखवला तर त्याला उत्तर मिळतं ना – आणि मला उत्तर नको होतं.

आमच्यात एक नियम होता. चहाला सगळे समोरच्या टपरीवर जायचे, एकानं मात्र डावाजवळ थांबायचं – वावरात रानडुकरांसाठी जागल करतात तसं. त्याला आम्ही जागल्याच म्हणायचो. परत आल्यावर कुणाची सोंगटी कुठे होती यावरून वाद झाला, तर जागल्याचा शब्द शेवटचा.

त्या रविवारी जागल्या मी होतो.

घाटाच्या तोंडाशी मोठा राक्षस उभा होता. माझा नट त्याच्यासमोर, देवीदासचा माझ्या मागे. खोलीत कुणी नव्हतं. मी देवीदासचा नट एका बोटानं सरकवला – मागून माझ्या बाजूला, राक्षसाच्या पुढ्यात. एक घर पुढे, एवढंच.

सगळे आले. देवीदास खाली वाकून बघत राहिला.

"मी तं भाऊच्या मांगं होतो."

"म्हातारा झाला तू बे," संजय म्हणाला. "उद्या सोताच्या घरचा रस्ता इसरशील."

आमच्यातल्या चौथ्या सुनीताताई, नर्स. त्या हसल्या नाहीत. "मागच्या खेपेलेही तुमी फासा कोणी पाहाच्या आंधी उचलला होता, मास्तर."

खोलीतली हवा बदलली. देवीदासनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "मंग जागल्याले इचारा ना," तो म्हणाला. अगदी शांतपणे. त्याला माझी खात्री होती.

मी म्हणालो, "इथंच होता."

फासे पडले. भाला वळला नाही. राखणदार मेला, आणि आमच्या खेळात मेलेला परत येत नाही. देवीदासनं नट उचलला, माझ्या तळहातावर ठेवला. "तुह्या दुकानातला हाय, भाऊ." त्यानंतर तो खेळायला आला नाही.

पुढच्या डावात मी तसाच तोंडाशी उभा राहिलो, आणि शत्रू पहिल्यांदाच माझ्या अंगापर्यंत येऊन पोचले. इतकी वर्षं ते माझ्यासमोरच्या घरात पाऊल टाकतानाच देवीदासच्या भाल्यानं पडत होते. माझ्या ढालीला ओरखडाही नव्हता. हे मला तोवर दिसलं नव्हतं – का मी पाहिलंच नव्हतं?

देवीदास अजून दुकानावरून जातो. गाडी थांबवतो, विचारतो, "बरं हाय ना?" मी त्याच्या आवाजात काहीतरी शोधत राहतो. त्याला कळलंय का? न कळायला काय झालं – तो नट कुठे होता, हे आम्हा दोघांनाच तर माहीत आहे. आणि रविवारी त्याचा विषय निघाला की सुनीताताई अजून म्हणतात, "मास्तर हुशार होते, पण फसवून खेळत." मी नट पुसत बसतो.

तो माझ्या मागेच होता. नट मी सरकवला.